लांबची अळंबी

निवृत्त शिंपीमास्तरांना अळंबी सापडली ती स्वतःच्याच न्हाणीमागच्या कुजक्या ओंडक्यावर. ओळखीची, लहानपणापासून खाल्लेली अळंबी. पण अळंबीची जागा कुणालाच सांगायची नाही, बायकोलाही नाही, हा त्यांच्याकडचा जुना शिरस्ता. म्हणून मास्तर सकाळी पिशवी घेऊन ऐटीत पुढच्या दाराने बाहेर पडत, टेकडीला अख्खा वळसा घालत आणि मागच्या कुंपणातून चोरपावलांनी ओंडक्यापाशी येत.

"कुठे मिळते हो?" बायको विचारी.

"लांब आहे. तुला नाही झेपायचं."

आज ते ओंडक्याशी वाकले, तर स्वयंपाकघराच्या बंद खिडकीआडून बायकोचा आवाज आला. माहेरी आलेल्या लेकीला ती दटावत होती, "खिडकी उघडू नकोस गं. बाबा मागे अळंबी काढतायत."

"म्हणजे तुला जागा माहीत आहे?"

"त्यांच्या आधीपासून. दोन वर्षं डॉक्टर चाला, चाला म्हणून थकले, हे जागचे हलले नाहीत. आता बघ, रोज तासभर चालतात."

मास्तरांनी पिशवी उचलली. रोज ते इथून बाजूच्या बोळातून पुढच्या दारी जात. आज मात्र बोळापाशी थबकले, मागे फिरले, कुंपण ओलांडलं आणि टेकडीला आणखी एक वळसा घालून घामाघूम होऊन दारात उभे राहिले.

"आज फार लांब जावं लागलं," ते म्हणाले.

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. रोजची थाप आज पहिल्यांदाच खरी होती.