दुपारचं तूप

भाऊंनी लोणी कढवून स्वतः तूप केलं होतं. बायको गेल्यावर, सत्तरीत शिकलेली विद्या. रविवारी जेवायला आलेल्या लेकीच्या वरणभातावर त्यांनी ते वाढलं आणि विचारलं, "शर्वरी, तुझ्या आईसारखं झालंय का गं?"

शर्वरीचं लक्ष फोनकडे होतं. "भाऊ, तुम्ही एकच चमचा घ्या. दुसरा घेतलात तर मला इथे दिसेल."

"बापाच्या रक्तात हेर सोडलेत बाईनं!" असं म्हणत भाऊंनी दुसरा चमचा घेतलाच.

हेर म्हणजे वाहक. भाऊंच्या रक्तातली चरबी वाटेतच धमन्यांना चिकटून बसायची, म्हणून वर्षापूर्वी डॉक्टरांनी हे सूक्ष्म वाहक आत सोडले होते. अन्नातली चरबी उचलायची आणि शरीराला हवी तिथे, सगळ्यात आधी तिच्यावरच चालणाऱ्या हृदयाला, नेऊन द्यायची, एवढंच त्यांचं काम.

जेवून भाऊ आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

डॉक्टर आले. नाडी पाहून त्यांनी मान हलवली आणि हलकेच म्हणाले, "वाहक स्वतःच्या बळावर पोहतात. माणूस गेलेला त्यांना कळत नाही. बंद करू का?"

शर्वरीने फोन उघडला. थांबलेल्या रक्तातून पिवळे ठिपके अजून वाट काढत होते. दुपारचं तूप घेऊन ते भाऊंच्या हृदयाकडे निघाले होते.

"नको. पोचू देत," ती म्हणाली.

शेवटचा ठिपका हृदयापाशी विझेपर्यंत ती उशाशी बसून राहिली. मग वाकून, डॉक्टरांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "भाऊ, अगदी आईसारखं झालं होतं."