सरबताच्या नावाचा दावा

"बाटलीवर हे नाव पहिल्यांदा कोणी लावलं?" हेमलताच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं.

"मीच," एवढंच म्हणायचं, असं इंदुमतीला तिच्या वकीलबाईंनी बजावलं होतं. कोकम सरबताच्या नावावर हक्क कोणाचा, यावरून या दोघी जुन्या भागीदार कुडाळच्या कोर्टात आल्या होत्या. पण साक्षीच्या पिंजऱ्यात इंदुमतीला, धंदा जिथे सुरू झाला ती हेमलताची पडवी आठवली आणि ती बोलतच सुटली.

"डिंक संपला म्हणून भाताची खळ केली. हेमाने लेबलं चिकटवली, मी बाटल्या ओळीने मांडल्या. सकाळी बघतो तर सगळी लेबलं मुंग्यांनी खाल्लेली!"

"मुंगे नाय गो, झुरळां होती ती!" समोरच्या बाकावरून हेमलता ओरडली. न्यायाधीशांनी दटावलं, तरी दोघींना हसू आवरेना.

बाहेर आल्यावर इंदुमती वकीलबाईंना म्हणाली, "दावा मागे घ्या. नाव दोघीही वापरू."

"अहो, आपण जिंकत होतो!"

"जिंकून नाव मिळेल हो," पदराने डोळे टिपत ती म्हणाली, "पण ते दिवस आठवणारं माणूस मला दुसरं कोण उरलंय?"