दोन बाटल्यांतलं पाणी

थोरलीने पिशवीतून दोन बाटल्या काढून मत्स्यालयाच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवल्या. एकीचं झाकण लाल, दुसरीचं पांढरं. लाल झाकणाखाली तिच्या स्वतःच्या टाकीतलं पाणी होतं. पांढऱ्याखाली धाकट्या बहिणीच्या टाकीतलं, आणि याचा धाकटीला पत्ताही नव्हता. काल ती चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात थोरलीने बाटली बुडवून भरून घेतली आणि मग आरामात बसून चहाही प्यायली.

"दोन्ही टाक्या माझ्याच," तिने दुकानदाराला सांगून टाकलं.

खाऱ्या पाण्यात प्रवाळ वाढवायचं वेड मुळात थोरलीचं. धाकटीला तिनेच ते लावलं. पाण्यात मीठ किती, दिवा किती वेळ, सगळं हाताला धरून शिकवलं. पहिलं प्रवाळही आपल्याच टाकीतलं तोडून दिलं, नखाएवढं. आज ते धाकटीकडे ताटाएवढं पसरलंय, गर्द जांभळं, आणि जो तो ते बघून आला की थोरलीला त्याचं वर्णन ऐकवतो. थोरलीकडचं मूळ प्रवाळ मात्र दिवसेंदिवस फिकं पडत चाललेलं. रोज सकाळी टाकीवरचा दिवा लावला की तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

तिने मनाशी पक्कं केलं होतं, ही सगळी करामत फिल्टरची. माशांच्या खाण्यातून पाण्यात फॉस्फेट साठतं आणि त्यावर शेवाळ माजतं, हे तिला ठाऊक होतं. धाकटी दाखवायला एक जुनाट चिमुकला फिल्टर लावून बसलीय, पण खरी युक्ती लपवतेय. तिचं पाणी किती स्वच्छ ते एकदा कळू दे, मग तिच्याहून वरचढ यंत्र घेऊ.

दुकानदाराने दोन काचेच्या नळ्यांत पाणी ओतलं, चिमूटभर पूड टाकली आणि नळ्या हलवून ठेवल्या. जितकं निळं, तितकं फॉस्फेट जास्त, म्हणाला. थोरली नळ्यांवर डोळे लावून उभी राहिली. एक नळी हळूहळू निळी होत गेली, शाईसारखी. दुसरीत काही म्हणजे काही झालं नाही.

निळी नळी पांढऱ्या झाकणाची होती.

थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घ्या, एवढं कौतुक चाललंय आणि पाणी हे असं. चेहरा सरळ ठेवायला तिला खोकावं लागलं.

दुकानदार मात्र गंभीर झाला. या टाकीला आजच्या आज फिल्टर लावा, म्हणाला. अजून वरून काही दिसत नसेल, पण तीन आठवड्यांत शेवाळ चढेल आणि प्रवाळ टोकांकडून मरत येईल. मग त्याने लाल झाकणाची बाटली उचलली आणि हिच्यात काय घालता ते विचारलं. फॉस्फेट शोषणारे तांबडे दाणे, तिने सांगितलं. सांगतात त्याच्या दुप्पट, आणि दर आठ दिवसांनी नवे.

"ते आधी बंद करा, मॅडम. प्रवाळालाही थोडं फॉस्फेट लागतंच. तुम्ही त्याला उपाशी मारताय."

धाकटीपेक्षा स्वच्छ, त्याहून स्वच्छ करता करता थोरलीचं वर्ष गेलं होतं.

दुकानदाराने निळ्या नळीच्या टाकीसाठी दोन फिल्टर पुढे मांडले. एक टाकीच्या कडेला अडकवायचा, एक खालच्या कपाटात उभा करायचा. आणि गंमत अशी, की निवडायला लागल्यावर थोरली त्यात रमली. धाकटीच्या कपाटात उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा आहे, तिथे उभाच बसेल. मोटर आवाज करते का, हे तिने दोनदा विचारलं, कारण धाकटीची झोप फार हलकी. त्यात ते तांबडे दाणे पहिल्यांदा अर्धेच भरायचे, हेही नीट समजून घेतलं. पाणी चोरल्याचं कसं सांगायचं ते घरी जाऊन बघू. तिने उभा फिल्टर बांधायला सांगितला.

तेवढ्यात धाकटीचाच फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. मत्स्यालयवाल्यांच्या क्लबची माणसं तिची टाकी बघायला येणार होती, फोटो काढून क्लबच्या मासिकात छापणार होती. बरोब्बर तीन आठवड्यांनी.

"मी त्यांना म्हटलं, आधी माझ्या ताईची टाकी बघा, मी तिच्याकडूनच शिकले. पण ते म्हणाले, ती बघितलीय, तुमचीच हवी."

थोरली म्हणाली, वा, छान.

मग धाकटीने मुद्द्याचं विचारलं. दोन दिवस काचेवर किंचित हिरवट थर धरतोय. ताई कालच बघून गेली होती, तिची नजर पक्की. पाण्यात काही बिघडलं असेल का, नवा फिल्टर घ्यावा का?

निळी नळी समोरच होती. थोरलीने ती उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली.

"काही नको घेऊस. झकास आहे तुझं पाणी."

"नक्की ना? मग हा जुना फिल्टरही काढून ठेवू का? फोटोत उगाच त्याची नळी दिसते."

दुकानदार दोरीची गाठ मारता मारता थांबला होता. तो तिच्याकडेच बघत होता.

"काढ," थोरली म्हणाली.

"बरं झालं तुला विचारलं," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कोणावर माझा विश्वासच बसत नाही गं."