दर सहा तासांनी

बाबांनी जमवलेली पक्ष्यांची जुनी, हाताने रंगवलेली पुस्तकं सादळू नयेत, म्हणून त्या खोलीत दमट हवा शोषणारं यंत्र चोवीस तास चालायचं. त्याची टाकी सहा तासांत भरायची. उपसली नाही, की यंत्र बंद. त्यापायी बाबा माझ्या लग्नालाही आले नाहीत. म्हणाले, “लग्नाला तू आहेस. टाकीला कोण आहे?”

ते गेल्यावर सगळं विकून मोकळं व्हायचं, म्हणून मी आलो. गिऱ्हाईक येईपर्यंत सहज एक पुस्तक उघडलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या खंड्याची निळी पाठ अजून ओली वाटत होती.

गिऱ्हाईक म्हणालं, “पुढच्या महिन्यात नेतो. तोवर कुलूप घालून तुम्ही खुशाल घरी जा.”

“घरी काय जा? टाकीला कोण आहे?”