मनोऱ्याशिवाय पिसा

पिसाच्या कलत्या मनोऱ्यासमोर बायकोला, नलूला, उभं करून हेरंब घैसासांनी फोन उंचावला.

"असा फोटो जगात आधीच आहे," फोन म्हणाला. "पुन्हा काढता येणार नाही."

घैसास जमिनीवर आडवे झाले, मग बाकावर चढले. फोनचं उत्तर तेच. शेवटी पाठमोरे वाकून त्यांनी स्वतःच्या दोन पायांमधून नेम धरला आणि तोल जाऊन गवतावर कोलमडले. नलू पोट धरधरून हसू लागली. पडल्यापडल्याच त्यांनी बटण दाबलं, आणि या वेळी फोनने मुकाट्याने फोटो काढला.

घरी आल्यावर वहिनींनी तो निरखून पाहिला. "यात नुसती नलूच हसतेय. मनोरा कुठाय?"

"मनोरा सगळ्यांकडे आहे, वहिनी," घैसास म्हणाले.