सिक्स्तोची मूठभर काडतुसं

काडतूस माणसाशी कधी खोटं बोलत नाही, असं सेलेदोनियो बावीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता. त्या शनिवारी दुपारी पाऊण वाजता, दुकानाचं दार अर्धं लोटून, चष्मा चढवून त्यानं लाल काडतुसांचा डबा पुसायला घेतला आणि काडतूस खोटं बोलताना सापडलं.

लाल म्हणजे बारा बोर, पिवळं म्हणजे वीस. पंपा नावाच्या त्या साऱ्या माळरानावर हाच कायदा. इथं अख्खं खोकं कुणी घेत नसे. खिळ्यांसारखी मूठभर सुटी घ्यायची. सेलेदोनियोचा हात रंगावर चालायचा, कारण आकडा वाचायला चष्मा लागायचा. आणि नव्या कारखान्यानं वीसची काडतुसंही लालच पाठवली होती. सोबतच्या चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहिलं होतं. चिठ्ठी वाचायलाही चष्माच लागायचा.

डब्यात दोन्ही जाती गुण्यागोविंदानं मिसळल्या होत्या. आणि तासाभरापूर्वीच त्यातली मूठभर सिक्स्तो घेऊन गेला होता.

वीसचं काडतूस बाराच्या बंदुकीत बसत नाही, घसरतं. नळीत वीतभर पुढं जाऊन अडकतं. चाप ओढला की नुसतं 'टिक'. माणसाला वाटतं, भरायचंच विसरलो. उघडून बघतो तर खरंच रिकामी. मग तो बाराचं भरतो. त्यानंतर त्याचा डावा हात कुठं गेला, ते इतरांनी शोधायचं.

आणि हा हात सिक्स्तोचा होता. त्याच हातांत धरून सेलेदोनियोच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला होता, सिक्स्तो तिचा धर्मपिता. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपादरे' म्हणत. सकाळीही तो नेहमीसारखा हसत आला होता. "काय कोंपादरे, आज क्लबात ना?" "शनिवार आहे, दुसरीकडं कुठं जाणार? आणि तू?" "तळ्यावर. बदकं बघतो."

सेलेदोनियो मागच्या घरात धावला. त्याची बायको नेलिदा आरशासमोर ओले केस विंचरत होती.

"नेलिदा, मी सिक्स्तोला मारलं."

कंगवा जागीच थांबला. "कुठं?"

"दुकानात."

"कधी?"

"आत्ता, तासापूर्वी. त्याला चुकीची काडतुसं दिली गं!"

"काडतुसं होय," नेलिदा म्हणाली, आणि कंगवा पुन्हा चालू लागला. "त्याला काही होत नाही."

"तू कशावरून सांगतेस?"

"तो जपून असतो, सेले. फार जपून."

"बंदुकीची नळी फुटली की जपून काय होतंय?"

"तू आपला क्लबात जा. भिडू खोळंबतील."

"इकडं कोंपादरेची बोटं उडायची वेळ आलीय आणि मी पत्ते पिसत बसू?"

नेलिदानं आरशातूनच त्याच्याकडं पाहिलं. "बरं, जा मग. तळ्यावर ना? नीट शोध हं. घाई करू नकोस."

बायको इतकी थंड कशी, याचा विचार करायला त्याला सवड नव्हती. त्यानं जुना ट्रक काढला. सगळं गाव जेवून आडवं झालेलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वाटेत तीन फाटकं लागली. प्रत्येक वेळी उतरायचं, उघडायचं, ट्रक आत घ्यायचा, पुन्हा उतरून लावायचं. तिसरं त्यानं उघडंच टाकलं. परक्याच्या गाई बाहेर गेल्या तर जाऊ देत.

तळ्याकाठी इंजिन बंद करून त्यानं कान दिला. बार ऐकू आला असता तर बरं वाटलं असतं. काहीच ऐकू येत नव्हतं.

"सिक्स्तो! भरू नकोस! कोंपादरे, दुसरं भरू नकोस!"

बदकांनी मान वर करून पाहिलं आणि ती पुन्हा पोहू लागली. सिक्स्तोची बदकं म्हातारपणानं मरतात, असं क्लबात म्हणत. सेलेदोनियोही हसायचा. आज तो गुडघाभर चिखलात लव्हाळी बाजूला सारत रक्त शोधत होता. तासभर शोधलं. रक्त नाही, टोपी नाही, बूट नाही. म्हणजे कुणीतरी उचलून नेला असणार.

सिक्स्तोच्या दारात त्यानं टोपी काढून हातात धरली. सिक्स्तोची थोरली बहीण एर्सिलिया झोपमोड झालेल्या चेहऱ्यानं बाहेर आली.

"ही काय दार वाजवायची वेळ? कुणी मेलंय का?"

"तेच विचारायला आलोय, एर्सिलियाताई." आणि त्यानं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

तिनं जांभई दिली, त्याला सिक्स्तोच्या खोलीत नेलं आणि फळीकडं बोट दाखवलं. त्याच्याच दुकानातल्या, वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्यांची चळत छताला टेकली होती. सर्वांत वर सकाळची पुडी, न सोडलेली. सेलेदोनियोनं चष्मा लावून ती उघडली. सात काडतुसं. तीन बाराची, चार वीसची. एकही उडालेलं नाही.

तो मटकन खाटेवर बसला आणि चक्क रडला. मग मरियामातेचे आभार मानले, नाक पुसलं.

"मग आज बंदूक न भरताच गेला म्हणायचा?"

"कसली बंदूक? ती गुरांच्या डॉक्टरला विकून सहा वर्षं झाली."

"मग काडतुसं कशाला नेतो?"

"मी विचारलं होतं. म्हणाला, दुकानात जायचं आणि काही घ्यायचं नाही, हे बरं दिसत नाही."

"आणि शनिवारी दुपारी असतो कुठं?"

झोप उतरलेली नाही ती आपली की याची, असा प्रश्न पडलेल्या नजरेनं एर्सिलियानं त्याच्याकडं पाहिलं.

"कुठं म्हणजे? तुमच्याकडं. तुमचं गळकं छप्पर दुरुस्त करायला. सहा वर्षं करतोय. केवढं आहे हो तुमचं छप्पर?"

सेलेदोनियोच्या घराचं छप्पर काँक्रीटचं होतं आणि ते आजवर कधीच गळलं नव्हतं.