काकाकुव्याची शिकवणी

"उठा ना हो अर्पिताचे बाबा, उठा," काकाकुवा किंचाळला आणि पायरीपर्यंत आलेलं गिऱ्हाईक तिथूनच माघारी फिरलं.

उत्तमराव शेठनं पिंजऱ्यावर पोतं टाकलं. पोत्याखालूनही तोच आवाज आला, पंचफुलाचा. हुबेहूब, घसा फाटतो तिथपर्यंत. धामणगाव बढ्यात बियाणं आणि फवारणीचं औषध विकणारी दुकानं बरीच, पण असा पांढरा, तुरेवाला पक्षी याच दुकानात. शेठनं तो मोठ्या हौसेनं बऱ्हाणपूरहून आणला होता. "राम राम, बसा" एवढंच शिकवायला वर्षभर त्याच्यापुढे शेंगा ओतल्या. शिकेल तर शपथ. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी पंचफुलानं नवऱ्याचं प्रेत याच पायरीवर आणून ठेवलं, सकाळभर आक्रोश केला, तो मात्र त्यानं एका सकाळीत उचलला.

पंचफुलाचा नवरा लोकांच्या कपाशीवर फवारा मारायचा. बीटी आहे, अळी लागत नाही, असं सांगून विकलेल्या कपाशीला त्या साली गुलाबी अळी लागली आणि जो तो जहाल औषध मागू लागला. याच दुकानातलं औषध फवारता फवारता तो शेताच्या धुऱ्यावर कोसळला, तो उठलाच नाही. शेठनं गावभर सांगितलं, पिऊन फवारत होता. ज्यानं उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, तो मेल्यावर दारुडा ठरला. शाळेत पोरं त्याच्या लेकीला, अर्पिताला, तेच म्हणून चिडवत होती.

आता शेठनं पंचफुलालाच बोलावून घेतलं होतं. ती आली, आणि दारात उभी राहिली.

"ज्याचा आवाज घेतला, त्याच्याच आवाजात दुसरं शिकवलं तर हा पहिलं सोडते म्हणे," शेठ म्हणाला. "पक्षीवाल्यानं सांगतलं. तू फक्त म्हण, राम राम, बसा. दोन पोते गहू पोचवतो घरी."

जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला. पंचफुलानं स्टूल ओढलं, पोतं बाजूला केलं आणि पिंजऱ्यासमोर बसली.

"राम राम, बसा."

काकाकुवा शेंग फोडत राहिला.

"राम राम, बसा."

त्यानं पाठ फिरवली आणि पंखाखाली खाजवू लागला.

"असं मेल्यावानी म्हणून नाही जमत," शेठ वैतागला. "त्याले जीव तोडून म्हणलेलंच समजते. मनातलं काढून म्हण."

"मनातलं म्हणू?"

"हाव, म्हण ना."

एवढ्यात रोहिणखेडचा जाकीर मोटारसायकल लावून दुकानात आला. "शेठ, अळी काही हटूनच नाही राह्यली. काहीतरी जोरदार द्या." शेठनं फळीवरून दोन बाटल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या.

पंचफुलानं तोंड गजांजवळ नेलं.

"दोन्ही एकाच पंपात टाक. काही होत नाही."

काकाकुव्याच्या चोचीतली शेंग खाली पडली. त्याचा तुरा उभा राहिला.

"हे काय शिकवून राह्यली तू?" शेठ म्हणाला.

"तुमीच म्हणले होते. इथंच. मी होती ना अर्पिताच्या बाबाइच्या संगं. त्याइनं दोनदा इचारलं तुमाले, शेठ, हे दोन्ही संगं चालते ना म्हणून."

"म्या असं म्हणलंच नाही. तो दारू पेला होता."

झालं. पंचफुला उठली. दोन्ही हातांनी तिनं पिंजरा धरला आणि दसऱ्यापासून आत कोंडलेलं सगळं त्या दोन वाक्यांत भरून ओरडली. "दोन्ही एकाच पंपात टाक. काही होत नाही." पुन्हा ओरडली. पुन्हा. शेजारचा चहावाला बाहेर आला, समोरचा शिंपी मशीन सोडून आला, बाजाराला आलेल्या बाया डोक्यावरचे भारे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. काकाकुवा मान लांब करून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. त्याची जाड काळी जीभ चोचीत हलत होती.

शेठ काउंटरवरून धावत आला आणि त्यानं पोतं पिंजऱ्यावर फेकलं.

पंचफुलानं पदरानं तोंड पुसलं. चप्पल पायात सरकवली.

"गहू राहू द्या शेठ," ती म्हणाली. "शिकवणी फुकट."

गर्दीनं तिला वाट करून दिली. ती गेली तरी कोणी हललं नाही. शेठ आपल्या जागेवर जाऊन बसला आणि उगाच बिलबुकाची पानं चाळू लागला. जाकीर अजून काउंटरपाशीच होता. त्यानं एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी, अशा दोन्ही बाटल्या उचलल्या.

"मंग सांगा ना शेठ," तो शांतपणे म्हणाला. "हे दोन्ही एकाच पंपात टाकू काय?"

शेठनं वर पाहिलं. दुकानासमोर सगळा बाजार उभा होता. हो म्हणावं तर मेला, नाही म्हणावं तरी मेला.

पोत्याखाली काहीतरी खुडबुडलं. मग पंचफुलाचा आवाज आला, अगदी हळू, शेजारी बसून समजावल्यासारखा.

"काही होत नाही."

जाकीरनं दोन्ही बाटल्या परत शेठपुढे ठेवल्या.